फाईलीत उरलेली एकच ओळ

भडगावच्या स्टँडवर प्रमिलाबाई जळगावच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. कान काही त्यांनी मुद्दाम लावला नव्हता. पण शेजारच्या बाकावरचे दोघं बोलतच होते मोठ्यानं, त्याला बाई तरी काय करणार?

"नवलभाऊ, त्या दिवशी कोल्डरूम खरंच तापली होती."

"मी महिनाभर दुसरं काय बोंबलतोय, दीपक? बाराला मशीन बंद पडलं, चारला सुरू झालं. तेवढ्यात बठ्ठी केळी गेली, एक घड वाचला नाही."

"माझा प्रोग्राम दर दहा मिनिटाला डिग्री फाईलीत लिहीत होता."

"मग मालकाला एकच ओळ कशी दिसली? साडेपाचची, अठरा डिग्री. मशीन ठीक शे, नवलनंच दार उघडं टाकलं म्हणे."

"फाईल मी 'डब्ल्यू' लावून उघडत होतो. सी भाषेत तशी उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. 'ए' लावला असता तर खाली जोडत गेलं असतं."

"म्हणजे माझा साक्षीदार तू दर दहा मिनिटाला पुसत होता."

"चुकलं, भाऊ."

"मालकाला सांगितलं?"

"कालच. हसले. शिकता पोरगा शे, दुरुस्त कर म्हणे."

"आन माझं?"

"तुमच्या जागी माणूस लावलाय."

गाडी लागली. प्रमिलाबाईंनी पिशवी उचलली, पण पाय निघेना.

"आता नीट लिहितो ना तुझा प्रोग्राम?"

"हो, भाऊ."

"बरं झालं. नव्या माणसाला तरी कोणी खोटं पाडणार नाही."