मैनाबाईचा दुसरा फोटो

मंडळी, जरा खेटून बसा. मागच्यायलेही जागा द्या. मले माईकवर बोलाची सवय नाही. पण मैनाबाई गेली, तिच्यासाठी दोन शब्द बोलते.

मी अमरावतीची. मैनाबाई तुमची, बडनेऱ्याची, फुलं विकणारी. ओळख झाली अकोल्याच्या दवाखान्यात. दोघींच्याही डोक्यात गाठ, दोघींलेही मशीनच्या किरणांचा शेक. डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा आवळत. मी रडाले लागली, तर ही म्हणे, "रडते काहून व? सासूपेक्षा सैलच हाये!" शेक संपला तसा तिनं तो मुखवटा घरी आणला अन् शेवंतीतल्या बुजगावण्याले लावला. पाखरं काही भ्याली नाहीत, जावई भ्याला! हासा, हासा. तिले आवडलं असतं.

मग तिचा पाय लटपटू लागला. डोक्याच्या फोटोत पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाईनं समजावलं, "आजी, गाठ परत आली का शेकानं आतली जागा जळाली, या फोटोत दोन्ही सारखंच दिसते. रक्त कुठं किती धावते ते दाखवणारा दुसरा फोटो काढू. गाठ रक्त ओढते, जळालेली जागा ओढत नाही. अन् जळालं असलं, तर औषध वेगळं."

पण आपल्याकडं रीत कशी? गाठ परत आली म्हटलं, की माणूस चाललाच. लेकी आल्या, जावा आल्या. कोणी पुरणपोळी आणली, कोणी पातोडी. "आता काहून तिले मशीनमध्ये घालता? सुखानं जाऊ द्या." मायेनंच म्हणत होते, बाप्पा. मैनाबाई माझ्या कानात म्हणे, "सारे खाऊ घालतात व, दवाखान्यात कोणी नेत नाही."

शेवटी नेलं. दुसऱ्या फोटोत गाठ नव्हतीच. शेकाची जखम होती. औषध चालू झालं, पण सूज फार पुढं गेली होती.

आता माझं सांगते. मले भेव लागून राहिलं. काल माझ्या डाव्या हातातून वरणाची पळी सुटली. सुनेनं पाहिलं. अन् आज सकाळी परतवाड्याची लेक फोनवर विचारते, "आई, तुले काय खावंसं वाटते?" अंगावर काटा आला, मंडळी! इतक्या वर्षांत हे मले कोणी विचारलं होतं का?

त्या फोटोच्या मशीनच्या नळीत ठकठक वाजते. जीव गुदमरते. अन् गाठच निघाली तर? निघूही शकते. रडीन मग. पण पाहिल्याशिवाय मले पोचवू नका. राजू, माझ्या पोरा, चारचौघांत सांगते, उद्या अकोला. बहिणीले म्हण, डबा नको, सोबत ये.

आता उठा सारे. मैनाबाईसाठी घडीभर कोणी बोलू नका. मले धरू नका, मी खुर्ची धरते.

मैनाबाई, रामराम घे व. मी अकोल्याले चालली. तुझ्याकडं नाही.