दोहा जवळ, केनवड लांब

...अन् वरून लोकं उकंडरावलेच विचारतात, काहून बाप्पा, पोरगं दोह्याहून पोचलं अन् तुमी केनवडहून नाई पोचले? आता काय सांगाव त्या माणसानं? दोहा ते नागपूर विमानानं चार घंटे... समुद्र ओलांडून, पावणेतीन हजार किलोमीटर, चार घंटे. अन् वाशीमकडचं हे केनवड ते नागपूर? ते कोणी पुसते काय?

तुमाले सांगतो, झालं असं. त्याची बायको लिलाबाई नागपूरच्या दवाखान्यात भरती होती, पोरगी सरिता तिच्याजवळ. जरा बरं वाटलं तशी लिलाबाईनंच नवऱ्याले धाडलं, "जा तुमी, सोयाबीन वावरात उभं हाय, मी काय पळून चालली?" तो केनवडले आला, अन् दुसऱ्याच सकाळी सरिताचा फोन, "बाबा, निंगा. आईचं काई खरं नाई." तसाच फोन दोह्याले, उत्कर्षले. पोरगं तिकडे एसी दुरुस्तीच्या कामाले. त्यानं सायबाचे हातपाय जोडले अन् भेटलं त्या विमानात बसला. चार घंटे.

इकडे उकंडराव निंगाला, पण निंगणं म्हणजे काय सोपं हाय? ढोरं शेजारच्या संगीताच्या हवाली केली, ती म्हणे भाकर न्या, हा म्हणे नको, ती म्हणे उपाशी जाता काय... त्याच्यात मालेगावची गाडी गेली. मंग आटो. आटोवाला म्हणे, "काका, दोन शिटा येऊ द्या ना." शिटा आल्या, आटो निंगाला. मालेगावात येष्टीले गर्दी, कारंज्यापोतर एका पायावर उभा. तठून एक खाजगी गाडी भेटली, तं रस्त्यात तिचा टायर बसला. ड्रायवर म्हणे, "बसा झाडाखाली, होऊन जाईन."

बसला. अन् तेवढ्यात वरून विमान गेलं. त्याले वाटलं, याच्यातच असन आपलं पोरगं. अन् तुमाले खोटं वाटन, त्यानंच सांगतलं मले, येष्टीले देतो तसा हात देल्ला त्यानं विमानाले... थांबते काय ते? चार घंटे म्हणजे चार घंटे.

दवाखान्यात पोचला तं उत्कर्ष पायरीवर बसून, बॅग बाजूले. बापाले पाहून उठलाबी नाई. उकंडरावले कळलं.

"आई विचारून राह्यली होती," पोरगं म्हणे, "बाबा कुठपोतर आले."

"मंग तू काय सांगतलं?"

"सांगतलं, खाली आले. जिना चढून राह्यले."

उकंडराव त्याच्या बाजूले पायरीवरच बसला. वर जायची आता घाई काय होती?

लिलाबाईच्या पुण्यानुमोदनाले सारे सोयरे आले. जो तो उत्कर्षच्या पाठीवर हात फिरवते, पोरगं असाव तं असं. एका पाव्हण्यानं तं मोबाईल काढून अंतर दाखवलं सगळ्यायले, हे पाहा, चार घंटे. अन् मंग उकंडरावकडे वळून म्हणे, "भाऊ, तुमी तं जवळच होते. जरा लवकर निंगाले असते तं..."

पहिले पहिले तो सांगे सारं, आटो, टायर, झाड. लोकं मान हलवत, पण पटे नाई कोणाले. आता सांगत नाई. कोणी विचारलं का पाण्याचा गिलास पुढं करते अन् म्हणते, "चुकलंच बाप्पा. पुढच्या टायमाले मीबी दोह्याहूनच निंगीन."