आज काय उघडलं?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तिन्ही बागांचे मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेले मान्यवर पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सगळे हातपाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून इथे जमलो आहोत त्या आमच्या बाई. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या थोरल्या भगिनी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे माळी बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मला इथे उभं केलंय, यात आयोजकांचा दोष नाही. हा बाईंचा हट्ट आहे. माझी शाळा सातवीत सुटली आणि तेव्हापासून एका जागी बसणं मला जमलेलं नाही. भाषण कागदावर लिहून आणलं होतं, पण ते परवा लिहिलेलं. आज सकाळी जे घडलं त्यानंतर त्यातलं निम्मं कामाचं राहिलं नाही. तेव्हा थोडं कागदावरून आणि थोडं पोटातून बोलतो, सांभाळून घ्या.

मघापासून कुजबुज ऐकू येतेय. माळ्यांचा समारंभ आणि व्यासपीठावर फुलं नाहीत? टेबलावर पाण्याचा एक पेला आणि त्यात वेलीचा एवढासा तुकडा, बस? फुलं होती हो. पाय ठेवायला जागा नव्हती इतकी होती. ती आत्ता मागच्या व्हरांड्यात बादल्यांमध्ये ठेवलीयेत. का ठेवली, ते सांगतो. बाईंच्या परवानगीनं सांगतोय. त्याच म्हणाल्या, "तू सांग. मी बोलायला लागले तर मधेच कुठल्या कुठे पोचेन, माझं मलाच कळायचं नाही."

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून थोडं मागून घेतो. आपल्या बागा तीन, तिन्हींवर देखरेख बाईंची. एक खाली, तापणाऱ्या सपाट मुलखात. तिथे वसंत येतो तो घाईत असलेल्या पाहुण्यासारखा. पेटुनिया आणि फ्लॉक्स भराभर फुलतात, आणि आपण जरा पाठ वळवावी तोवर उन्हानं करपतात. दुसरी ही, मधली. इथली हवा समजूतदार आहे, इथे गुलाब सावकाश येतो. तिसरी वर डोंगरात, जिथे मी सध्या आहे. खालचे लोक पंखे लावून बसतात तेव्हा आम्ही कानटोपी घालून पाइपातला बर्फ फोडत असतो. आमचं पीच सगळ्यात शेवटी फुलतं, पण फुलतं तेव्हा फांदीवर पानाला जागा उरत नाही. बाई म्हणतात, वसंत एकच असतो, तो डोंगर पायी चढत येतो.

माझ्या पायाला भिंगरी. खालच्या बागेत कंटाळलो तर बाईंनी मला मधल्या बागेत आणलं, इथे भांडलो तर वर पाठवलं. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. बाई म्हणाल्या, "याला वसंताबरोबर फिरू दे. दोघंही एका जागी टिकत नाहीत." त्यामुळे एकाच वर्षात तिन्हीकडचा वसंत बघितलेला मी एकटाच आहे इथे. तेवढीच माझी पदवी.

आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे बाईंचा फोन. रोज सकाळी, चहा घशाखाली उतरायच्या आत. प्रश्न एकच, "आज काय उघडलं?" काल काय होतं, उद्या काय येईल, ते विचारायचं नाही. आज, तुझ्या बागेत, कुठली कळी उघडली, तेवढं सांगायचं. एकदा खालच्या बागेतले जुने माळी, आम्हा सगळ्यांचे मामा, अर्धवट झोपेत म्हणाले, "सगळं ठीक आहे, बाई." तर पलीकडून आवाज, "ठीक हे कुठलं फूल, मामा? जरा वास घेऊन सांगा." मामांनी तेव्हापासून बाईंचं नाव वेधशाळा ठेवलं. तोंडावर म्हणायची हिंमत आज पहिल्यांदाच होतेय, तीही माझी.

मलाही बाईंनी एकदा विचारलं होतं, "तुझ्या घरी आता काय फुललं असेल रे?" माझं घर इतकं लांब की जाऊन यायचं तर सगळी सुट्टी रस्त्यातच संपते. मला सांगता येईना. मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "बाबा रे, इतक्या वर्षांत माझी तब्येत विचारली नाहीस, आणि आज नळाजवळच्या लिंबाची चौकशी?" मग म्हणाली, "कळी धरलीय. वास येतोय खिडकीतून." तेव्हापासून आम्ही मायलेक बोलतो. आधी नुसता फोन करायचो.

आता आजचं.

बाई निवृत्त होणार हे कळल्यावर आम्ही तिन्ही बागांनी त्यांना चकित करायचं ठरवलं. मिळून नव्हे हं, प्रत्येकानं गुपचूप. आमच्यात चुरस किती, ते मोठ्या साहेबांना ठाऊक आहे. मामांच्या पेटुनिया कधीच संपायला हव्या होत्या. त्यांनी थोड्या कुंड्या हिरव्या जाळीखाली, कूलरसमोर ठेवून जगवल्या आणि फोनवर सांगितलं, "करपल्या, बाई." आम्ही वर पीचच्या मिटल्या कळ्यांच्या फांद्या कापून पंपाच्या गरम खोलीत कोमट पाण्यात उभ्या केल्या आणि फोनवर सांगितलं, "अजून काही नाही, बाई. थंडी फार आहे." इथल्या मंडळींनी गुलाब लवकर छाटून प्लास्टिकच्या घरात लपवले आणि दारावर पाटी लावली, औषध फवारलं आहे, आत येऊ नये. रोज सकाळी तिन्हीकडून बाईंशी खोटं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. असली चूक फक्त माळीच करू शकतो, नाही का? दुसऱ्या कुणाला फुलाबद्दल खोटं बोलायची गरजच काय?

आज सकाळी सगळे टेम्पो एकदमच या दारात लागले. आधी भांडलो, मग हसलो, मग सगळं व्यासपीठावर मांडलं. संपत आलेला वसंत, चालू असलेला वसंत आणि अजून न आलेला वसंत, तिन्ही शेजारी शेजारी. मी शिडीवर चढून पीचची फांदी बांधत होतो, तेवढ्यात बाई दारात. वेळेआधी. खुर्च्या नीट लागल्यात का बघायला आल्या होत्या.

"हे पीच आपलं?" त्यांनी विचारलं.

"आपलंच की," मी वरून ऐटीत म्हणालो.

"कधी उघडलं?"

"झाले बरेच दिवस."

त्यांनी पेटुनियाकडे पाहिलं. "आणि या? या गेल्या होत्या ना?"

मामा हसत म्हणाले, "बाई, विसरलात वाटतं."

रोज करतो तशी थट्टा होती ती. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. गुलाबांकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आज तारीख काय आहे?" आम्ही तेव्हाही हसलो. मंडळी, आम्ही हसलो. बाई वळल्या आणि निघून गेल्या.

मग त्यांच्या थोरल्या भगिनी आत आल्या. आल्या त्या माझ्या शिडीलाच हात घालून म्हणाल्या, "मेल्यांनो, काय करून बसलात हे?" आणि त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना विसरण्याचा आजार जडलाय. गेल्या वर्षी कळलं. हळूहळू वाढणारा. नोकरीची मुदत शिल्लक असताना त्या निवृत्त होताहेत, त्या यासाठी. "डॉक्टरांनी सांगितलं, रोजचं काहीतरी एक घट्ट धरून ठेवा. तिनं तुमचा फोन धरून ठेवला होता. तुम्ही सांगाल त्यावरून ती आजचा दिवस कुठला ते ओळखत होती."

म्हणजे आम्ही जिला वेधशाळा म्हणत होतो, ती आमची खबर काढत नव्हती. ती आमच्या खबरीवर उभी होती. आणि आम्ही ती खबरच पायाखालून ओढून घेतली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे आत्ताच कळतंय, मला दिसतंय. मलाही सकाळीच कळलं.

मी धावलो. बाई मागच्या कुंपणापाशी होत्या, खांद्याला पिशवी, ड्रायव्हरला म्हणत होत्या, गाडी काढ. मी म्हणालो, "बाई, फुलं खरी आहेत, पण दिवस खोटे आहेत. आम्ही मुद्दाम केलं." सगळं सांगितलं, जाळी, कूलर, पंपाची खोली. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझं मन राखायला बोलतोयस. शहाणा आहेस. पण महिनाभर गेला माझा, मला कळतंय."

आता सांगा, मी काय करायचं होतं? पंधरवडाभर खोटं बोललो ते त्यांनी खरं मानलं, आणि खरं बोललो तर पटेना. ड्रायव्हरनं शपथ घेतली तरी पटेना.

बाई कुंपणाला टेकल्या. तिथे स्वीट पीची वेल आहे, वाटाण्याच्या पानांची, कुणी फार लक्ष देत नाही तिच्याकडे. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग वाकल्या. एक फिकट जांभळं फूल बोटानं उचलून म्हणाल्या, "ही काल कळी होती."

मी वाकून पाहिलं.

"काल संध्याकाळी मी हात लावून पाहिली होती. हीच. खालच्या पानाला भोक आहे." त्यांनी पान उलटलं. भोक होतं. सगळ्या वेलीवर बाकी कळ्याच, उघडलेलं तेवढं एकच. बाई सरळ झाल्या. "म्हणजे मधे एकच रात्र गेलीय." मग माझ्याकडे बघून, "नालायकांनो."

मंडळी, शिवी खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्या परत आल्या त्या अट घालूनच. खोट्या दिवसांची फुलं बाहेर, आणि टेबलावर फक्त हे, पेल्यातलं. आजचं आणि इथलं. आणि लपवाछपवी बंद, सगळ्यांना सगळं सांगायचं. ते सांगून झालं.

आता मामा, डोंगरावरचे माझे सोबती, आणि इथली मंडळी, एक मागणं आहे. उद्यापासून बाई आपल्या भगिनींकडे राहायला जाणार. फोन आता आपण करायचा. चहाच्या आधी. तिन्ही बागांनी. खालून वरपर्यंत वसंत जसा चढेल तसा त्यांना कळला पाहिजे. काही उघडलं नसेल तर नाही म्हणून सांगायचं, पण ते 'नाही' खरं असलं पाहिजे. थट्टेतसुद्धा खोटं नको. माझ्या आईलाही मी बाईंचा नंबर देऊन ठेवलाय. लिंबाचं ती बघेल.

बाई हातानं खुणावताहेत, आटप म्हणून. आटपतो.

अध्यक्षसाहेबांनी वेळ दिला, पाहुण्यांनी फुलांवाचून स्वागत गोड मानून घेतलं, भगिनींनी शिडीवरून पाडलं नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. आणि पुढे कधी बाईंच्या बोलण्यात मागेपुढे झालं, त्यांनी मामांना माझ्या नावानं हाक मारली, भर उन्हाळ्यात पीच मागितलं, तर आत्ता मागितलेल्या या माफीतच तेही धरा.

बाई, आज स्वीट पी उघडली.