साळवे सरांचा आवाज

त्या दिवशी सलूनमध्ये मी लईच भडकलो, बरं का. आमच्या नगरच्या फुटबॉल टीमचे कोच साळवे सर. आम्ही फायनल हरलो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘कोच मुकाट उभे, नेतृत्व शून्य.’

माझा दोस्त जोसेफ म्हणाला, “बरोबर लिहिलंय. सर एकदा तरी ओरडले का?”

“अरे, घशाचं ऑपरेशन झालंय त्यांचं! डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, तरी माणूस मैदानावर आला.”

शेजारी दाढी करून घेणारा माणूस वळला. बातमी लिहिणारा तोच होता.

“मला हे कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तुमी विचारलं व्हतं का?”

“उद्या खुलासा छापतो.”

“आधी सरांच्या घरी जा, ही बातमी त्यांना वाचून दाखवा. घाबरू नका, ते काही बोलणार न्हाईत!”