पेवात उतरलेले पाटील

मंडळी, ऐका! सवाल सोपा आहे. भुकेल्याला ‘शांत बस’ म्हणून सांगावं — की आधी वाढावं? हसू नका! सांगणारा नेहमी जेवून आलेला असतो!

चिंचोडीचे भुजंगराव पाटील तसलेच. दुष्काळ पडला. खालच्या वाडीत चुली थंड. आणि पाटलांच्या अंगणात, जमिनीखाली, हे विहिरीएवढं खोल पेव — निम्मं ज्वारीनं भरलेलं! वाडीकर मागायला आले, पाटलांनी हाकललं. मग काय! रोज काठ्या, रोज फुटलेली डोकी. पाटलांनी दोन पहारेकरी ठेवले, वर स्वतः पेवाच्या तोंडावर बाज टाकून बसले! मांजर हललं तरी ओरडायचे — “कोण आहे?”

एके सकाळी पाटलीणबाई, सगुणाबाई, म्हणाल्या, “अहो, घरातलंच पीठ संपलं. उतरवा कुणाला तरी.”

“कुणाला? आत किती आहे ते गावभर होईल! मीच उतरतो.”

झाकण काढलं, कोंदट हवा जाऊ दिली, दिवा सोडून पाहिला — विझला नाही. कमरेला दोर बांधून पाटील आत! पाय ज्वारीला टेकतात न टेकतात, तोच वाडीकर काठ्या घेऊन हजर. पहारेकरी दोर काठावरच टाकून पळाले. पळणारच! कालपासून त्यांनाही भाकरी नव्हती.

पाटलांनी वर पाहिलं. वाडीचा सिदू डोकावतोय.

“रामराम, पाटील!”

“सिदू, बाबा, वर ओढ रे!”

“ओढलं असतं. पण चार दिवसांचा उपास. हातात बळ नाही, अन् तुमचं वजन काय थोडं हाय?”

खोटं नव्हतं हो! पाटलांना घाम फुटला. “टोपली सोड,” म्हणाले. टोपल्यांवर टोपल्या भरल्या, आपल्या हातांनी भरल्या! वर जात्याची घरघर सुरू झाली, भाकरीचा वास खाली आला. आणि पाटलांच्या मनात आलं — जेवून हे निघून गेले तर? खरं सांगा, तुम्ही असता तर काढलं असतं?

टोपली खाली आली. आत गरम भाकरी अन् कांदा!

“आधी खा, पाटील,” सिदू म्हणाला. “उपाशी माणूस वर आला की भांडतो.”

पाटील तोंडात घास घेऊन ढसाढसा रडले. मग चौघांनी त्यांना वर ओढलं. बघतात तर काय — अंगणात पंगत बसलेली, आणि सगळ्या काठ्या सगुणाबाईंच्या चुलीत!

हसलात ना पाटलांना? आता आपापल्या कोठीवरून जरा उठा, शेजारी चूल पेटली का बघून या. आणि घ्या विठ्ठलाचं नाव! प्रसाद आज मागच्या रांगेपासून वाटायचा... अहो पुढचे, लगेच कुरकुर? मला ऐकू येतंय!