मुलींना दाखवण्यासारखा पिक्चर

—नाही नाही, बोलू नका वहिनी, चेहऱ्यावरच्या पॅकला भेगा पडतील. तो वाळेपर्यंत तोंड बंद. डोळ्यांवरचा कापूसही काढायचा नाही. मी बोलते, तुम्ही ऐका. हं, तर काय विचारत होतात — पिक्चर कसा वाटला? कसा वाटला म्हणजे काय, शिसारी आली! तुम्हीच म्हणालात ना मागच्या खेपेला, याच खुर्चीत बसून, की मुलींना दाखवण्यासारखा आहे, डोळे उघडतात म्हणून. उघडले हो. चांगले टक्क उघडले, रात्रभर मिटेनात.

ती हिरोईन. नाइटक्लबात जाते — जाऊ दे, गेली. निळे-जांभळे दिवे, ढणढण गाणं, आणि सगळी पोरं अशी नाचतायत की कुणाला घाम नाही, कुणाचा कुणाला धक्का नाही. मग ती मैत्रीण हिला पुडी देते आणि ही नाकानं ओढते काय, केस मागे टाकते काय, छताकडे बघून हसते काय! आणि आमच्या मागच्या रांगेतून शिट्ट्या. शिट्ट्या हो वहिनी! म्हणजे बघा, बोध कसला नि काय कसला. वर्षभर नशा करतेय म्हणे ती, आणि चेहरा? एक पुटकुळी नाही. ओठ फाटलेले नाहीत. रडते तेव्हा काजळ ओघळतं, तेसुद्धा दोन्ही गालांवर सारखं, जसं कुणी आखून दिलंय. दिलंच असणार, आमच्यासारखीच कुणीतरी मेकअपवाली बसली असेल ब्रश घेऊन. मला आधी तिचाच राग आला — पण तिचा काय दोष, तिला सांगितलं असेल, बाई, सुंदर रडव.

आणि ती आई! खिडकीत उभी राहणारी आई. दुसरं काही कामच नाही तिला, घरात कणीक मळत नाही, कपडे वाळत घालत नाही, नुसती खिडकीत उभी. मग एकदा मुलीच्या थोबाडीत मारते, लगेच मिठी मारते, मग गाणं. गाणं संपेस्तोवर पोरगी ठणठणीत. टेकडीवर उभी, भुरभुर वारा, पुडी दिली दरीत भिरकावून, संपलं. लोक टाळ्या वाजवतायत. अहो, कशाला वाजवतायत? काय झालं असं?

असं असतं का? असं नसतं. ते बाथरूममध्ये असतं, टेकडीवर नसतं. आतून कडी, नळ धो-धो सोडलेला — का, तर ओकारीचा आवाज बाहेर येऊ नये. आणि आपण बाहेर उभं राहून काय म्हणायचं, अगं टाकी रिकामी होईल! आपल्याला त्या घडीला टाकीची पडलेली. मग ती बाहेर येते, सरळ डोळ्यांत बघून सांगते, पित्त झालंय, आणि आपण लिंबू पिळून देतो. नखं कुरतडून कुरतडून रक्त. अंगाला तो एक वास, कितीही साबण घासा. अंथरुणाची चादर धुवायला घेतली तर हात मागे येतो. आणि शिव्या — बाजारात भांडणं लागली तरी ऐकल्या नव्हत्या तसल्या शिव्या, आणि त्या कुणाला, तर मला!

म्हणजे — मला नाही. आमच्या नणंदेला. नणंदेच्या मुलीचं सांगतेय मी. मान हलवू नका, गळ्यावर ओघळतोय पॅक. काय? हूं-हूं काय करताय? अहो, नणंद म्हणजे — जाऊ दे. कुठली आलीय नणंद, आमचे हे एकुलते एक. तुम्हाला ठाऊक आहे ते, माझ्या लग्नाआधीपासून या गल्लीत आहात तुम्ही. आता बोलले तर बोलले. आमच्या बबडीचंच आहे ते. मावशीकडे शिकायला गेलीय असं सांगत होते ना मी सगळ्यांना — मावशी-बिवशी कुणी नाही, ते केंद्र आहे. व्यसन सोडवतात ते. आता घरी आलीय. सुटलंय. सुटलंय म्हणतात. बाहेर बोलू नका हं वहिनी. तुमच्या पोटात काही राहत नाही ते मला माहीत आहे, पण एवढं ठेवा.

मी मुद्दाम नेलं तिला. मला तिच्याशी बोलताच येत नाही हो. इथे दिवसभर एवढी टकळी चालू असते माझी, आणि ती समोर आली की जिभेला कुलूप. म्हटलं, पिक्चरच सांगेल तिला काय ते, दोन शब्द मी पुढे जोडेन. निघताना समोर बसवलं आणि तयार केलं. डोळ्यांखालची वर्तुळं झाकली, हनुवटीवरचे व्रण बुजवले, गालांवर जराशी लाली. खपून केलं अगदी. छान दिसत होती, आधी दिसायची तशी. आता यात माझं काय चुकलं? सांगा तुम्ही — नको, बोलू नका. थिएटरात अर्धी गल्ली येणार, शिवणक्लासच्या बायका येणार, त्यांच्यासमोर काय तशीच नेऊ? आई आहे मी.

मध्यंतरात म्हणाली, आलेच. आणि परत आली ती तोंड धुऊन. खसाखसा धुतलेलं, कानापाशी पावडर तशीच राहिलेली, आणि मधे सगळं उघडं — वर्तुळं, व्रण, सगळं. लोक पॉपकॉर्न खात उभे, त्यांच्या मधून चालत आली. म्हणते, आई, त्या पडद्यावरच्या मुलीसारखी दिसत होते मी, किळस आली मला. हळू नाही हो, चांगली मोठ्यानं! आणि समोरून शिवणक्लासवाली येत होती. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. शोधत शोधत भिंतीकडे वळले. रुमाल हातातच होता. ती थांबली थोडी, मग एकटीच आत जाऊन बसली. पुढचा सगळा पिक्चर दोघी शेजारी-शेजारी. टाळ्या ऐकत बसलो.

घरी येऊन म्हणाली, उद्या दुपारी केंद्रावर मला बोलायचंय. बरी झालेली माणसं उभी राहून सांगतात म्हणे, नव्यानं आलेल्यांसमोर, कसं होतं नि काय केलं ते. शेजारी एक खुर्ची घरच्या माणसाची असते. येशील का? म्हटलं, उद्या मला गिऱ्हाईक आहे. नव्हतं हो. म्हणून तर सकाळी तुम्हाला फोन केला, या वहिनी, चेहरा उतरलाय तुमचा, पॅक लावून देते. उतरला-बितरला काही नव्हता. हसू नका, भेगा पडतील! ती तिथे बाथरूमचं सांगणार, शिव्यांचं सांगणार, त्या लिंबाचंही सांगणार, आणि मी शेजारी बसून राहायचं? सगळे माझ्याकडे बघणार. काय तोंड दाखवू मी तिथे?

उतरली वाटतं जिन्यावरून. — निघालीस? अशीच? थांब ना जरा, डोळ्यांखाली एवढंसं — बरं, नको. केस तरी बांध — बरं, राहू दे. नाही गं, वहिनींचं व्हायचंय अजून. पॅक वाळला नाही. हो. नीट जा.

गेली.

बसथांब्यावर उभी आहे, इथून दिसते. तो पेपरवाला बघतोय तिच्याकडे. बघतोय मेला, टक लावून. पेपर विकायचे सोडून बघतोय. ती मान फिरवत नाहीये हो. फिरव की गं. नाहीच फिरवत. ताठ उभी आहे.

उठा वहिनी. उठा म्हणते ना, काढा तो कापूस. माझी चप्पल — असू दे, हीच घालते. नाही, आता धुवायला वेळ नाही, बस आली की ती जाईल. घरी जाऊन धुवा. अशा कशा जाणार म्हणजे? चालत. चार घरं सोडून तर घर तुमचं. लोक बघतील? बघू देत. चला, व्हा बाहेर, मला कुलूप लावायचंय.