ताराच्या हिरीची ओटी

माझं माहेर रहिमतपूरच्या अंगाचं, आन् सासर हितं माणच्या माळावर. आमी दोगी सख्ख्या भनी एकाच घरात दिल्या, मी थोरल्याला, तारा धाकट्याला. तिला मूल न्हाई झालं. आत्याबाईंनी, म्हंजी आमच्या सासूनं, लय बोल लावलं तिला, आन् काय सांगू तुमाला, एका दुपारी पोरीनं वरच्या रानातल्या हिरीत उडी घेतली. तवापास्नं ते पानी कुनी तोंडात घातलं न्हाई. फुडं हीर आटली, तशी लोकांनी वर बोरीच्या काट्यांच्या बोराट्या टाकल्या.

मग नव्वद सालानंतर पानलोटाचं सायब आलं. म्हनलं, वड्याचं पावसाचं पानी वाळू-दगडातनं गाळून एका कोरड्या हिरीत सोडायचं, ते जमिनीत मुरतंय आन् खालच्या हिरींना लागतंय. पर हीर द्यायची कुनी? जो तो म्हनतोय, माझ्या हिरीत गाळ नगं. शेवटाला समदी म्हनली, ताराची हाय की, ती कुनाच्या उपेगाची. तिच्या नावानं भिनारी मानसं, पर चर खनायला समदी आली.

पाऊस झाला, वडा दिसभर तिच्यात पडत हुता, पर हीर भरंना, नुसती पीत हुती. आन् दिवाळीला बगतोय तर खालच्या समद्या हिरींना पानी. लोक नाचायचं तेवढं ऱ्हायलं हुतं. मग पानवठ्यावर एक म्हातारी बोलली, बायांनो, हे पानी कुनाचं म्हनायचं? तशा बाया भरल्या घागरी घिऊन थिजल्या. जी हीर वाळीत टाकली, तिचंच पानी घराघरात आलं हुतं.

आत्याबाईंनी आमच्या परड्यातल्या आडाचं पानी प्यायचं सोडलं. शेजारनं आनावं तर तितंबी तेच. भर दुपारी आडाजवळ बसून म्हनायच्या, ऐक गं, ती घसा खाकरतीया. मलाबी ऐकाय यायचं, खोटं कशापायी सांगू. सायब म्हनलं, आतली हवा भाईर पडतीया. पडत आसंल. पर तारा थोरल्यांम्होरं बोलायच्या आदी तशीच खाकरायची.

मग आत्याबाईंनी ल्योकास्नी सांगितलं, ती हीर बुजवा. दगडांचा ट्रॅक्टर यिऊन हुबा ऱ्हायला. गाव गोळा झालं, बुजवावी तर पानी जातंय, ऱ्हाऊ द्यावी तर पानी गिळवंना. मी हिरीम्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. म्हनलं, एकदा तिला मारलंसा, आता पुन्यांदा मारू देनार न्हाई. आमचं मालक खाली बगाय लागलं.

तवा ती पानवठ्यावरली म्हातारी म्हनली, हिची ओटी भरा. आवं, वांझ म्हनून जितेपनी तिची ओटी कुनी भरली नव्हती, हळदीकुंकवाला कुनी बलवत नव्हतं. पयली ओटी आत्याबाईंनी भरावी, आसं ठरलं. मामंजी तवा हुते, त्या सवाष्णच. खन, तांदूळ, नारळ घिऊन काठावर आल्या. हिरीच्या तळाला नुसतं दगाड दिसत हुतं. त्यांनी नारळ सोडला. आमी समदी कान दिऊन हुतो. पडल्याचा आवाज आलाच न्हाई.

सांजच्याला आत्याबाईंनी सोताच्या हातानं आडाचं पानी शेंदलं, तांब्याभर प्याल्या, आन् रडल्या.

आता त्या न्हाईत. दरसाल पावसाआदी बाया ताराची ओटी भरत्यात, कुनाच्याबी नारळाचा आवाज अजून आल्याला न्हाई. तुमीबी पानी पिऊन जावा, बाबा. पर आदी तिचं नाव घ्या. आमच्यात ल्हान पोरंबी तसंच करत्यात. ती देतीया तवर हाय.